कृष्णातच्या तसबिरीमागची कुंभारीण

रहिमतपूर, ता. १२ मे १९४४

चि. सौ. शालूस,

तुझ्या आत्याबाईचा आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घे, नाहीतर उंबऱ्यावर ठेव.

माहेरी जाऊन तुला महिना होत आला. बाळासो न्यायला आला तेव्हा चार दिवसांसाठी नेतो म्हणाला होता. तुझ्या भावाचे चार दिवस बरेच लांबलचक असतात असं दिसतं. इथे उसाला पाणी द्यायला तुझे मामंजी एकटे पडतात, म्हैस माझ्या हाताला दूध चोरते, आणि पापडाचं पीठ तसंच डब्यात पडून आहे. रुसव्यालाही काही हद्द असते, शालू.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहिते आहे. दुसऱ्याकडून लिहून घेण्याजोगी ही गोष्ट नाही. तुलाही कोणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. साताऱ्याच्या पोलीस लायनीत माझ्या बापानं मला चौथीपर्यंत शिकवलं आणि इथे चुलीपुढच्या राखेत तुझं बोट धरून मी तुला शिकवलं. तेव्हा वाचता येत नाही ही सबब तुला नाही.

तुला राग कशाचा आला ते मला अजून नीट कळलेलं नाही. चैत्रात तुझ्या खोलीत, भिंतीवरच्या कृष्णातच्या तसबिरीला कुंभारणीनं मातीचं घर बांधलं. बारीक कमरेची ती माशी तुझ्या माहेरीही असेलच. ज्या घरात कुंभारीण बसते त्या घरात कोणीतरी दोन जिवांची असते, असं सगळा गाव मानतो. मीही मानते. आता माझा कृष्णात दरियापार लढाईवर जाऊन वर्षाच्या वर झालेलं, आणि त्याच्या बायकोच्या खोलीत कुंभारीण बसलेली. माझी जाऊ रंगू चाळण मागायला आली ती नेमकी तुझ्या खोलीत डोकावली. संध्याकाळपर्यंत गोष्ट पाणवठ्यावर पोचली. चाळण न्यायची तेवढी ती विसरली.

मग मी काय करायला हवं होतं? ते घर मी उलथन्यानं खरवडून काढलं. बाळंतपण होईस्तोवर कुंभारणीचं घर मोडायचं नसतं, तरी मोडलं. तर बायका म्हणायला लागल्या, लपवायला मोडलं. पुढे तू बाहेरची झालीस तेव्हा तुला नेहमीसारखं मागच्या पडवीत न बसवता मी पुढच्या ओसरीवर घोंगडी टाकून दिली. म्हटलं, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं आणि समजावं, म्हणजे तोंडं बंद होतील. झालीच बंद. रंगूसुद्धा गप्प बसली, आणि रंगू गप्प बसते म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तुझी अब्रू मी भर रस्त्यावर राखली आणि तू माझ्यावरच राग धरून गेलीस.

मी तुझ्यावर तिळभरही संशय घेतला नाही, हे ध्यानात ठेव. पेरणीच्या आत ये.

तुझी सासू,
चंद्राबाई

रहिमतपूर, ता. ९ ऑगस्ट १९४४

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

पेरणी झाली, भांगलण झाली, तुझं उत्तर नाही. पोस्टमनला मी इतक्यांदा विचारलं की तो आता आपल्या दारावरून मान खाली घालून जातो.

कृष्णातचं पत्र आलं. कुठल्या मुलखात आहे ते लिहू देत नाहीत, पण डोंगर फार आहेत म्हणतो. मी लिहिलेल्या पत्राखाली तू नेहमी दोन ओळी लिहायचीस, त्या का नाहीत असं विचारलं आहे. मी लिहिलं, विहीणबाई आजारी आहेत म्हणून शालू माहेरी गेली आहे. तुझ्या आईला मी कागदावर आजारी पाडलं. तिच्या कानावर घालू नकोस.

तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी एकदा मला विचारलं होतंस, आत्याबाई, हिला कुंभारीण का म्हणतात? मी भाकरी थापत होते, म्हटलं मग सांगेन. तो मग कधी आला नाही. आज सांगते.

माझी आई सांगायची ती गोष्ट अशी. एक कुंभारीण होती, तिला मूलबाळ नव्हतं. गावात कोणाकडे पाळणा हलला की घरात नवी मडकी लागायची, ती घेऊन हिलाच जावं लागायचं. दर वेळी दारातूनच परत यायची. वांझेनं बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही म्हणून. शेवटी ती देवाला म्हणाली, मला लेकरू नाही दिलंस तर नको देऊ, पण ज्या घरी ते येणार आहे तिथे सगळ्यांच्या आधी मला जाऊ दे. देवानं तिला पंख दिले आणि तोंडात मातीचा गोळा दिला. तेव्हापासून ती आगंतुकासारखी येते, कोणी अडवत नाही, आणि येणाऱ्या जिवासाठी आधी आपलं मडकं ठेवून जाते. म्हणून ती कुंभारीण. खरं-खोटं माझ्या आईला ठाऊक, पण मला ही गोष्ट लहानपणापासून फार आवडायची.

आणि मी ती नुसती ऐकली नाही, भोगली आहे. कृष्णातच्या आधी माझी दोन गेली, हे तुला कोणी सांगितलं असेल. तिसऱ्या वेळी चुलीमागच्या कोनाड्यात कुंभारीण बसली. माझ्या सासूनं त्या कोनाड्यात वर्षभर दिवा लावला नाही की मिठाचं गाडगं ठेवलं नाही. आणि कृष्णात झाला, जगला. तेव्हापासून कुंभारीण दिसली की मी हात जोडते. अशा बाईनं तिचं घर उलथन्यानं खरवडलं, तेव्हा माझ्या जिवाचं काय झालं असेल ते बघ.

पण मागच्या पत्रात एक वाक्य मी खोटं लिहिलं. रंगू यायच्या आधीची गोष्ट आहे. खोली झाडायला म्हणून आपण दोघी आत गेलो, तसबिरीखाली माती पडलेली दिसली म्हणून मी वर बघितलं, घर बघितलं, आणि वळून तुझ्या पोटाकडे बघितलं. तू केरसुणी हातात घेऊन दारात उभी होतीस. तू माझी नजर बघितलीस, पदर ओढून घेतलास आणि झाडायला लागलीस.

कृष्णात गेल्यापासून तू माझ्या अंथरुणाशेजारी निजत होतीस. झोपेत तुझा हात माझ्या अंगावर पडायचा. तू कुठे जातेस, केव्हा येतेस, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी नजर गेली. रंगूला मी गावभर शिव्या घातल्या, पण तिच्या तोंडाआधी माझे डोळे बोलले होते.

हे लिहायला मला तीन महिने लागले. आता तरी ये.

आत्याबाई

रहिमतपूर, ता. २० नोव्हेंबर १९४४

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

तुमच्याकडून निघून मी सुखरूप घरी पोचले. छोटी गाडी मिरजेला उशिरा आली, पुढची गाडी चुकली, स्टेशनवर बसून राहिले. बसून राहायची त्या दिवशी सवयच झाली होती.

तू आतून सगळं ऐकत होतीस, तरी माझ्या बाजूनं काय दिसलं ते लिहिते. कवठ्याला उतरून उसाची मोळी आणि गुळाची ढेप घेऊन मी तुमच्या दारात आले. तुझ्या आईनं पाण्याचा तांब्या दिला, गूळ दिला, वाकून नमस्कारही केला. आणि ओसरीवर घोंगडी टाकली. आत या म्हणाली नाही. मला वाटलं आत सारवण चाललं असेल. मी बसले.

दुपारभर बसले. रस्त्यानं मेंढरांचा कळप गेला, मागून धनगर गेले, बायका पाण्याला गेल्या आणि आल्या. प्रत्येकजण बघून जायचा. एका म्हाताऱ्यानं विचारलं, कुठल्या पाहुण्या? तुझ्या आईनं आतूनच उत्तर दिलं, "रहिमतपूरच्या हायत. शालूची सासू." पुढच्यानं विचारलं, पुन्हा तेच. कोणी एक वावगा शब्द बोललं नाही. तरी प्रत्येकाच्या नजरेत दिसत होतं की ही बाई कशासाठी बाहेर बसवली आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हं माझ्या पायावर आली तरी मी जागा बदलली नाही. कुठे सरकणार? जिकडे सरकावं तिकडे रस्ताच.

आत जात्याचा आवाज येत होता. घरघर थांबायची तेव्हा मला वाटायचं, आता शालू उठली, आता बाहेर येईल. मग पुन्हा सुरू व्हायची. शेवटी तुझी आई बाहेर आली आणि म्हणाली, "लेक म्हंती, तुमी आला, त्येवडं बास झालं. ऊन कललं की गाडी हाय."

मी उठायला गेले. बसून बसून पाय अवघडले होते. तुझ्या आईनं हाताला धरून उठवलं, तिला माझा नमस्कार सांग.

मी एक दुपार बसले, शालू. तुला मी चार दिवस बसवलं होतं. तेव्हा तू गुडघ्यात मान घालून बसायचीस आणि मी आतून ओरडायचे, मान वर कर, लपवण्यासारखं काय आहे? सगळ्यात लपवण्यासारखं तेच होतं, आणि ते मी तुझ्याकडून रस्त्यावर मांडून घेतलं. गाव गप्प बसलं कारण गावाला पुरावा मिळाला. तू काही केलं नव्हतंस, मग पुरावा तू का द्यायचा, हे मला तुमच्या ओसरीवर बसेपर्यंत सुचलं नाही.

ये असं या वेळी लिहीत नाही.

आत्याबाई

रहिमतपूर, ता. ३ जून १९४५

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

तिकडची लढाई संपली. कृष्णात जिवंत आहे, धड आहे, आणि लॉरी चालवायला शिकला आहे. तुला त्याचं वेगळं पत्र येत असेल, नसेल, मी विचारत नाही. मला मात्र तो प्रत्येक वेळी विचारतो आणि मी प्रत्येक वेळी तुझ्या आईचा आजार वाढवते. एवढी आजारी बाई अजून जिवंत कशी, असं त्याला एव्हाना वाटत असेल.

तुझ्या खोलीची गोष्ट सांगायची होती. तू गेल्यापासून तिला कडीच होती. परवा उन्हाळी धान्य ठेवायला उघडली तर आत कुंभारणीच कुंभारणी. तसबिरीला दोन घरं, तुझ्या ट्रंकेच्या कडीला एक, खुंटीवर एक, आढ्याला किती ती मोजली नाहीत. या घरात आता कोण दोन जिवांची असणार? मी आणि तुझे मामंजी. मी एकटीच हसले आणि मग तिथेच ट्रंकेवर बसले.

दुसऱ्या दिवशी राहीबाई रांजण घेऊन आली. गावातली खरी कुंभारीण तीच, म्हणून तिलाच विचारलं, तुझ्या नावाची ही माशी पोटुशीच्या घरी का येते गं? ती म्हणाली, "आवं, माज्या घरात तर चाकापाशी लय बसत्यात. तेवडी पोरं झाली असती तर माती मळाया मानूस लावावं लागलं नसतं."

ती हसून गेली. मी दोन दिवस त्या खोलीच्या दारात बसून बघत राहिले. मला दुसरं काम उरलेलं नाही. कुंभारीण न्हाणीच्या ओल्या मातीतून गोळी उचलते आणि थेट तुझ्या खोलीच्या खिडकीतून आत जाते. स्वयंपाकघर वाटेत लागतं, सोपा लागतो, तिथे थांबत नाही. कारण तिथे माणसं आहेत, धूर आहे, जा-ये आहे. तिला निवांत जागा लागते. जिथे कोणी खुंटीवरचं कापड काढत नाही, कोणी ट्रंक सरकवत नाही, कोणी हसत नाही.

तुझी खोली त्या चैत्रात रिकामी होती. कृष्णात लढाईवर, तू माझ्याजवळ निजायला. वर्षभर त्या तसबिरीवरचा हात कोणाचा, तर आठवड्याला झाडताना फिरणाऱ्या फडक्याचा. तुझा नवरा जवळ नाही, तुझी खोली ओस पडली आहे, एवढंच त्या मातीच्या घरावरून कळण्यासारखं होतं. ते बघून तुला जवळ घ्यायचं सोडून आम्ही नेमकं उलटं वाचलं. तुझं एकटेपण आम्हाला तुझं पाप दिसलं.

माझ्या कोनाड्याचंही तसंच असेल. दोन मुलं गेल्यावर तिसऱ्या खेपेला सासू मला चुलीपाशी येऊच देत नव्हती, स्वतः परसातल्या चुलीवर रांधायची, कोनाडा निवांत होता, म्हणून ती बसली. हे मनाला पटवून घ्यायला मला जड गेलं. माझ्या आईची गोष्ट त्याच्याबरोबर गेली.

घरं मी मोडली नाहीत. कडी लावून घेतली.

आत्याबाई

रहिमतपूर, ता. १८ मार्च १९४६

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

हे पत्र पोचेल त्याच्या आधी कृष्णात पोचला असेल. तरी लिहिते, कारण त्यानं तुला माझं काही सांगितलं नसेल तर मीच सांगितलेलं बरं.

तो परवा सकाळच्या गाडीनं आला. वाळला आहे, मिशी ठेवली आहे, तुला ओळखू आला का? ओसरीवर पेटी ठेवली आणि पहिला शब्द, "शालू कुटं हाय?" मी म्हटलं, आधी पाणी घे. तो पाणी घ्यायच्या आधीच आपल्या खोलीकडे गेला आणि कडी काढली. मग तसबीर हातात घेऊन बाहेर आला. तिच्या मागच्या बाजूला मातीच माती होती आणि कडेला माझ्या उलथन्याचा ओरखडा. म्हणाला, "आई, हितं कोन ऱ्हात न्हाई काय?"

मी ठरवलं होतं की जेवण झाल्यावर सांगेन, थोडं आडवळणानं सांगेन. ते काही जमलं नाही. जिथे तुला बसवलं होतं तिथेच तो बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कुंभारीण सांगितली, रंगू सांगितली, ओसरी सांगितली. तुझ्या आईचा आजार खोटा होता तेही सांगितलं. तुझे मामंजी खांबाला टेकून खाली बघत होते.

त्यानं एकच विचारलं. "तू तिला तोंडानं इचारलं व्हतंस?"

मी म्हटलं, "न्हाई."

"मग?"

"बगितलं."

तो उठला. पाण्याचा तांब्या तसाच राहिला. म्हणाला, दुपारची गाडी मिळेल. मी त्याला थांबवलं नाही, रडलेही नाही. मला रडायला तोंड नव्हतं. भाकरी बांधून दिली, ती मात्र त्यानं घेतली. दारात वळून म्हणाला, "मी तिकडं रोज हे घर डोळ्याम्होरं आनायचो गं." एवढंच बोलला आणि गेला.

त्याला परत पाठव असं मी म्हणणार नाही. तुला आण असं मी त्यालाही म्हटलं नाही. तुमचं तुम्ही ठरवा. त्याला खोकला येतो असं तुझे मामंजी म्हणाले, स्टेशनवर त्यांनी ऐकला. आल्याचा रस मधातून दे.

आत्याबाई

रहिमतपूर, ता. २ मे १९४७

चि. सौ. शालूस,

हे पत्र सांगलीच्या पत्त्यावर लिहिते आहे. कृष्णात हळदीच्या एका व्यापाऱ्याची लॉरी चालवतो, तुम्ही गावभागात खोली घेतली आहे, हे मला त्याच्या कार्डांवरून कळतं. कार्ड तो वडिलांच्या नावानं टाकतो. "सर्व खुशाल" एवढंच असतं. ते मी वाचते आणि फळीवर ठेवते.

मागच्या आठवड्यात तुझे मामंजी गूळ घेऊन सांगलीला आले आणि तुमच्याकडे जेवून गेले. काल जेवता जेवता म्हणाले, "घरात चिंच हाय का? सांगलीला धाडायची." मी म्हटलं, सांगलीत चिंच मिळत नाही की काय? ते म्हणाले, "घरची असली म्हंजे बरं." मी भाकरी मोडता मोडता थांबले, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

असं मला कळलं. तुम्ही कळवलं नाहीत याचा मला राग नाही. राग करायची माझी पाळी नाही.

यंदा या घरात एकही कुंभारीण बसली नाही. रंगू येऊन बघून गेली, तिला चैन कुठली. म्हणाली, "औंदा काय बातमी दिसत न्हाई बाई तुमच्याकडं." तुझ्या खोलीत गेल्या दिवाळीपासून मी निजते. घरं भिजवून, बोटांनी सोडवून काढली, भिंती सारवल्या, तसबीर पुसून जागेवर लावली. ओरखडा गेला नाही. खिडकी उघडते, खुंटीवर लुगडं ठेवते, पहाटे उठून तिथेच जरा बडबड करते. म्हातारीच्या वर्दळीला भिऊन का होईना, ती आली नाही. मला ते बरं वाटतं. पूर्वी तिची वाट बघायची, आता ती येऊ नये म्हणून खोली राबती ठेवते.

चिंच पाठवते. गोळे करून, मीठ लावून ठेवली आहे. सोबत हिरवा खण आहे. ओटी भरायला माझा हात नको असेल तर तुझ्या आईकडून भरून घे, खण तेवढा माझा असू दे. तोही नको असेल तर खुशाल परत कर. मी विचारणार नाही.

एक सांगायचं राहिलं. सांगलीच्या खोलीत केव्हातरी कुंभारीण येईलच, मातीची भिंत असेल तर येणारच. तुझं लेकरू बोट दाखवून विचारेल, हिला कुंभारीण का म्हणतात? तेव्हा मग सांगेन म्हणून टाळू नकोस. माझ्या आईची गोष्टही सांगू नकोस. सांग, ती ओली माती आणते, मळते, इवलंसं गाडगं घडवते, म्हणून कुंभारीण. नावात आहे ते एवढंच. बाकीचं सगळं आम्ही बायकांनी तिच्या अंगाला चिकटवलं, आणि मी ते तिथून काढून तुझ्या अंगाला चिकटवलं.

पुढे ते कधीतरी विचारेल, आपली आजी कुठे असते? त्याला काय सांगायचं ते मात्र तू ठरव.

चंद्राबाई